चौदा दिवसांच्या आत

होइकन्सारी बेट
१२ नोव्हेंबर १९७८

हेल्वी,

परवा रेडिओवर तुझं नाव ऐकलं. सायमी भाकरीचं पीठ मळत होती, ती तशीच पिठाच्या हातांनी आवाज मोठा करायला धावली. अजून बटणाला पीठ चिकटलेलं आहे. कुणीही सरकारी कचेरीला पत्र लिहिलं तर चौदा दिवसांच्या आत लेखी उत्तर आलंच पाहिजे, हा कायदा तान्स्कानेन बाईंचा, असं त्या निवेदकानं दोनदा सांगितलं. मामा आज असता तर माझी लेक हेलसिंकीच्या साहेबांना लिहायला बसवते म्हणून बेटभर मिरवला असता. त्याच्या वतीनं हा भाचा तुझं अभिनंदन करतो.

आता कामाचं. तुझ्या आधीच्या कायद्यानं, तो प्रशासन सुटसुटीत करण्याचा, माझं काम गेलं, त्याबद्दल मी कधी काही बोललो नाही, आजही बोलत नाही. बावीस हिवाळे मी गिरमिटानं भोकं पाडून गोठलेल्या सरोवरावरच्या बर्फवाटेची जाडी मोजली आणि दोन्ही अंगांना झाडाच्या फांद्या रोवून बेटापासून किनाऱ्यापर्यंतची वाट आखली. आता जिल्ह्याची रस्ते कचेरी हवेतल्या थंडीवरून कोष्टकानं जाडी काढते आणि किनाऱ्यावर फलक लावते. लावू दे. पण गेल्या वसंतापासून वरच्या अंगाचं वीजकेंद्र दिवसातून दोनदा पाणी सोडतंय. चिंचोळीत, तुला आठवत असेल, दोन खडकांच्या मध्ये, ते पाणी खालून वाहतं आणि बर्फ पोटातून खातं. वरून दिसत नाही. कोष्टकाला तर मुळीच दिसत नाही. तू त्या कचेरीत कुणाला तरी फोन करशील का?

टाउनो

टाउनो पाकीट चिकटवायच्या आत मी दोन ओळी घुसवते. तो "काही बोललो नाही" म्हणतो ते खरं आहे. तुला बोलला नाही. मी बायको, मी रोज ऐकते. हेल्वी, तू रेडिओवर फार थकलेली वाटलीस. जेवतेस का वेळेवर? सायमी.

---

हेलसिंकी
२४ नोव्हेंबर १९७८

प्रिय टाउनो, प्रिय सायमी,

जेवते. उभ्यानं, पण जेवते.

टाउनो, मी फोन करणार नाही, आणि का ते तू समजून घे. अकरा वर्षं मी संसदेच्या देखरेख समितीवर आहे. या अकरा वर्षांत मी जी प्रकरणं उकरून काढली त्यातली निम्मी अशाच फोनांची होती. कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी भाऊ, आणि एक फोन. माझ्या आतेभावासाठी मी फोन उचलला तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला जाब विचारू? ज्याच्या घरात कुणी आमदार-खासदार नाही अशा माणसाचं पत्र फडताळात कुजू नये, एवढ्यासाठीच तर हा कायदा केला.

तू पत्र लिही. वीजकेंद्राचं, चिंचोळीचं, सगळं. कचेरीला उत्तर द्यावंच लागेल. उत्तरांच्या प्रती मला पाठव. बेटावरून आलेलं प्रकरण समितीपुढे ठेवायला मला आवडेल.

सायमी, अजून तू घसरगाडीवर उभी राहून पायानं रेटत रोग्यांकडे जातेस का? पन्नाशी आली तुझी. जिल्ह्यानं परिचारिकांना आता मोटारी द्यायला हव्यात. हेही लिहून कळवा त्यांना.

तुमची
हेल्वी

---

होइकन्सारी
२१ जानेवारी १९७९

हेल्वी,

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. तीन पत्रं लिहिली, तीन उत्तरं आली, तिन्ही मुदतीत. प्रती सोबत आहेत. बैठकांच्या धबडग्यात तुला वेळ नसेल, पण वाच.

सायमी मोटारीबद्दल हसली. म्हणाली, बर्फावर मोटारीपेक्षा माझं वजन कमी आहे, हेल्वीला सांग. सध्या ती दिवसाआड किनाऱ्याला जाते. तिथल्या म्हाताऱ्या विधवेच्या पायाची जखम चिघळली आहे, पट्टी बदलावी लागते.

चौथं पत्र आज टाकतो आहे.

टाउनो

---

हेलसिंकी
८ फेब्रुवारी १९७९

प्रिय टाउनो,

कात्रण सोबत पाठवते आहे, आधी ते वाच.

काल कायद्याला तीन महिने झाले म्हणून संसदेत चर्चा झाली. विरोधकांचं म्हणणं, या कायद्यानं नुसते कागद वाढले. मी उठले आणि तुझं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, "पूर्वेकडच्या एका बेटावरचा रहिवासी" एवढंच म्हटलं. पहिलं पत्र, नवव्या दिवशी उत्तर. दुसरं, बाराव्या. तिसरं, चौदाव्या. "दहा वर्षांपूर्वी या माणसाला उत्तर मिळालं असतं का?" असं विचारलं तेव्हा समोरच्या बाकांवरूनही टाळ्या आल्या. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं भाषण होतं असं सभापती बाहेर म्हणाले.

मला बाबांची फार आठवण झाली. मी सहावीत असताना त्यांनी होडीच्या धक्क्यासाठी कचेरीला अर्ज केला होता आणि तीन वर्षं रोज टपालाची वाट पाहिली होती.

सायमीला माझं प्रेम.

हेल्वी

---

होइकन्सारी
१९ फेब्रुवारी १९७९

हेल्वी,

कात्रण वाचलं. सायमीनं कपाटावर टाचून ठेवलं आहे, मी काढलेलं नाही.

तू तारखा वाचल्यास. मजकूर वाचलास का?

चौथं उत्तरही आलं. तेराव्या दिवशी.

टाउनो

---

हेलसिंकी
१४ मार्च १९७९

टाउनो,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं.

दफनाला मी मागे उभी होते. तू पाहिलंस हे मला माहीत आहे. हात पुढे केला तेव्हा तू टोपी सारखी करायला लागलास, आणि मी हात मागे घेतला. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. लोक कॉफी पीत होते, सायमी कुणाकुणाच्या बाळंतपणाला कशी धावली ते सांगत होते. माझ्याशी सगळे आदरानं बोलले. त्यातल्या एकानंही मला "हेल्वी" म्हटलं नाही.

चिंचोळीत बर्फ फुटून ती गेली, एवढंच मला पाद्रीबुवांनी सांगितलं. त्या दिवशी फलकावर वाट सुरक्षित लिहिलं होतं हेही सांगितलं.

समितीतर्फे चौकशी लावली आहे. कचेरीची सगळी कागदपत्रं मागवली आहेत. कोणाच्या हातून काय सुटलं ते मी शोधून काढीन. मला हेच एक काम येतं.

हेल्वी

---

हेलसिंकी
३ जून १९७९

टाउनो,

तुझ्याकडून उत्तर नाही. मागायचा हक्कही मला नाही, तरी लिहिते.

चौकशीचा अहवाल आला. एकशे वीस पानं. कुणाच्याही हातून काहीही सुटलेलं नाही. कोष्टक मंजूर झालेलं होतं. फलक कोष्टकाप्रमाणे होता. वीजकेंद्राला पाणी सोडायचा परवाना होता, आणि तो देणाऱ्या खात्याला बर्फवाटेबद्दल विचारायची कायद्यानं गरज नव्हती. आणि शेवटच्या पानावर, टाउनो, लिहिलं आहे की नागरिकाच्या पत्रांना कचेरीनं दिलेली उत्तरं वेळेच्या बाबतीत "आदर्श" आहेत.

मग मी तू पाठवलेल्या प्रती काढल्या. जानेवारीत आल्या तेव्हा मी त्यांच्यावरचे शिक्के पाहिले होते, फक्त शिक्के. आता मजकूर वाचला. पहिलं, आपले पत्र मिळाले, नोंद घेतली. दुसरं, आपले पत्र जलविभागाकडे पाठवले आहे. तिसरं, कोष्टकानुसार बर्फाची जाडी समाधानकारक आहे. आणि खाली, खाजगी व्यक्तींनी बर्फवाटेवर अनधिकृत खुणा लावू नयेत, तसे केल्यास दंडास पात्र. चौथं तू पाठवलंच नव्हतंस, ते कचेरीच्या फाइलमध्ये सापडलं. आपल्या यापूर्वीच्या पत्रास दिलेल्या उत्तराकडे लक्ष वेधण्यात येत आहे.

चार उत्तरं. एकातही उत्तर नाही. आणि त्यांतल्या तीन उत्तरांच्या तारखा वाचून मी टाळ्या घेतल्या.

मोजणीदार काढले मी. उत्तराची मुदत घातली मी, आणि उत्तरात काय असावं हे लिहायला विसरले मी. सायमीच्या मृत्यूला एखादं नाव द्यायचं तर ते माझं आहे. शरद अधिवेशनात हे उघड बोलायचं ठरवलं आहे. पक्षाचे लोक म्हणतात, बोलू नकोस. सायमीचं नाव घेऊन बोलायची तू परवानगी दे.

हेल्वी

---

होइकन्सारी
२९ जून १९७९

हेल्वी,

नाव घ्यायचं नाही. तिचं नाही, माझं नाही, बेटाचंही नाही. तू एकदा आम्हाला भाषणात घातलंस, तेवढं पुरे.

पण सगळा दोष एकटीनं उचलून तू मोकळी होणार असशील तर तेही जमायचं नाही. एक गोष्ट मी पाद्रीबुवांना सांगितली नाही, पोलिसांना सांगितली नाही. तुला सांगतो, कारण तू चौकशा करतेस आणि ही तुझ्या एकशे वीस पानांत नाही.

ते तिसरं उत्तर आल्यावर मी वाटेवरच्या सगळ्या फांद्या उपटून आणल्या. काम गेल्यावरही मी त्या गुपचूप लावत होतो, मोजतही होतो, हे सायमीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दंडाची धमकी वाचली आणि डोकं फिरलं. म्हटलं, ठीक. सरकारला माझं गिरमीट नको, तर नको. कळू दे त्यांना एकदा. त्यांना काय कळावं असं मला वाटत होतं, ते आता विचारू नकोस.

२७ फेब्रुवारी, मंगळवार. उणे एकोणीस, वारा नाही, स्वच्छ ऊन. सायमीनं पट्ट्यांची पिशवी भरली, अंगात जाड कोट चढवला. मी टेबलापाशी होतो. ती म्हणाली, "टाउनो, दीड महिना झाला रुसून. कचेरीला तुझा रुसवा कळतसुद्धा नाही, कळतो तो मला. ऊठ, गिरमीट घे, आणि माझ्यापुढे चिंचोळीपर्यंत चल."

मी म्हणालो, "फलकावर लिहिलंय ना सुरक्षित? सरकारचं ऐक."

ती हसली. रागावली असती तर मी उठलो असतो. "बरं, सरकार," म्हणाली, आणि गेली.

मी कॉफीत साखर ढवळत होतो. खिडकीतून चिंचोळी दिसते हे तुला माहीत आहे. मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी भोकाच्या कडेला मोजलं. नऊ सेंटिमीटर. तिथून शंभर पावलांवर छप्पन्न.

हे तू कुठेही छापायचं नाहीस.

टाउनो

---

हेलसिंकी
११ डिसेंबर १९७९

टाउनो,

तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही, दाखवणारही नाही. उत्तर द्यायला पाच महिने लागले. चौदा दिवसांत देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

आता आहे ते सांगते. नोव्हेंबरात मी दुरुस्ती मांडली. भाषण तीन मिनिटांचं होतं. म्हटलं, फेब्रुवारीत याच जागेवरून मी एका माणसाला आलेल्या उत्तरांच्या तारखा वाचल्या, मजकूर वाचला नव्हता. त्या उत्तरांच्या मागे एक माणूस मेलं आहे, आणि ज्या कायद्याखाली ती उत्तरं गेली तो मी लिहिला. नावं घेतली नाहीत. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्या गटनेत्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की निवडणुकीच्या आधी स्वतःच्याच घराला आग लावणारी बाई त्यानं आजवर पाहिली नव्हती.

दुरुस्तीचे दोन भाग होते. कचेरीनं प्रत्येक उत्तरात, मागणीवर प्रत्यक्ष काय केलं ते लिहायचं. काही केलं नसेल तर "काही केलेले नाही" हेच शब्द लिहायचे. आणि खाली ज्यानं काम पाहिलं त्या माणसाचं नाव घालायचं, खात्याचा शिक्का चालणार नाही. हा भाग नऊ मतांच्या फरकानं मंजूर झाला. दुसरा भाग बर्फवाटांवर मोजणीदार परत नेमण्याचा. तो पडला. हवामानाचं कोष्टक सुधारण्यासाठी एक अभ्यासगट नेमला आहे.

म्हणजे मी एवढंच मिळवलं की यापुढे ते काही न करता खोटं बोलणार नाहीत. बाकी काही नाही.

समितीचं अध्यक्षपद काढून घेतलं आहे. पक्षाच्या पुढच्या उमेदवार यादीत माझं नाव नसेल. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही, रेडिओवर ऐकशील म्हणून आधी सांगते.

त्या सकाळबद्दल तू लिहिलंस त्याला काय उत्तर द्यावं ते मला आजही कळलेलं नाही. तुझा दोष नाही असं म्हटलं तर ते कचेरीच्या पत्रासारखं होईल. म्हणून म्हणत नाही. मी ते रोज वाचते, एवढंच.

हेल्वी

---

होइकन्सारी
६ एप्रिल १९८०

हेल्वी,

यंदा मी पुन्हा मोजतो आहे. फांद्याही लावल्या आहेत. दंड करायचा तर करू देत. आता वाट वापरणारी दोनच घरं उरली, बाकीची शरदात किनाऱ्याला राहायला गेली. त्यांना मी नाव ठेवत नाही.

जानेवारीत मी कचेरीला पुन्हा लिहिलं. तेच, वीजकेंद्र आणि चिंचोळी. का लिहिलं माहीत नाही, बहुतेक तुझी दुरुस्ती खरी आहे का ते बघायला. दहाव्या दिवशी उत्तर आलं. "आपल्या पत्रावर काहीही केलेले नाही. इर्मेली रासानेन, कारकून." बस. मी ते टेबलावर ठेवलं आणि दिवसभर येता-जाता वाचलं. राग आला, हे नक्की. पण आजवरच्या त्यांच्या पत्रांतलं हे पहिलंच पत्र होतं ज्यात मला खोटं सापडलं नाही.

मार्चच्या मध्याला किनाऱ्यावरच्या दुकानातून फोन आला. बाईचा आवाज. मी रासानेन, म्हणाली, बसनं आले आहे, तुम्ही येऊ शकाल का? मी पन्नास-पन्नास पावलांवर भोक पाडत पलीकडे गेलो. चाळिशीची असेल, शहरी बूट, ओला रुमाल. दुकानाच्या बाकावर बसली होती. तिनं हात पुढे केला, मी घेतला, कारण मला ती कोण आहे ते अजून नीट कळलं नव्हतं.

मग म्हणाली, "मागच्या वर्षीची चारही उत्तरं मीच टंकली. साहेब सही करायचे. तिसरं टंकताना वाटलं होतं, या माणसाला फोन करावा, हा काहीतरी जाणतो. पण चौदावा दिवस होता, आणि टपालाची गाडी चारला निघते."

दुकानदारीणबाई मागच्या खोलीत निघून गेली.  सायमी असती तर तिनं आधी त्या बाईचे पाय सुकवले असते, मग काय बोलायचं ते बोलली असती. मी फक्त विचारलं, कॉफी घेणार का. ती हो म्हणाली, आणि कप हातात धरून बसली, प्यायली नाही.

तिला जागा बघायची होती. मी पुढे, ती माझ्या पावलात पाऊल टाकत मागे. चिंचोळीच्या अलीकडे मी भोक पाडलं, तिनं मोजपट्टी धरली. एकवीस. तिनं वहीत लिहून घेतलं. कचेरीत हा आकडा कुठे लिहिणार, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, तसा रकाना नाही, पण लिहीन. तीनच्या बसनं परत गेली. आठवड्यानं फलक बदलला. "चिंचोळीतून जाऊ नये" एवढं हातानं रंगवून जोडलं आहे. अक्षर बाईचं वाटतं. तिला याबद्दल बोलणी बसली असतील.

हे सगळं झालं म्हणून तुझ्यावरचा राग गेला असं समजू नकोस. गेलेला नाही. तिच्यावरचाही नाही. पूर्वी तो एका ठिकाणी बसत असे, आता सारखा जागा बदलतो, आणि जास्त वेळ माझ्यापाशीच असतो.

सायमीसाठी दगड मी बेटावरचाच घेतला आहे, उत्तरेच्या टोकाचा, तांबूस. नाव मी स्वतः कोरलं. अख्ख्या हिवाळ्याचं काम आहे, अक्षरं थोडी वाकडी आली आहेत. मे महिन्यात पाणी मोकळं झालं की होडीत घालून चर्चच्या किनाऱ्याला न्यायचा. फार जड आहे. एका माणसाला उचलत नाही, दोन लागतील. शेजारच्याला विचारता येईल.

अजून विचारलेलं नाही.

टाउनो